पेटीतली हिरवी सुई

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आया पोरांना कडेवर घेऊन रांगेत ताटकळत होत्या आणि व्यासपीठावर पेटीबाबा एकेका पोराच्या छातीवर काचेची पेटी ठेवत होता. वरून हात फिरवला की आतली सुई वळायची. हिरव्यावर थांबली तर काळीज निर्मळ, लालवर गेली तर दोष.

"ना टोचणं, ना कापणं. पेटी थेट आत्म्याशी बोलते, माय," बाबा म्हणायचा. आत्मा बोलतही असेल, पण मला तरी बाबाच बडबडताना दिसत होता.

मी लहान मुलांची डॉक्टर. माझे निम्मे पेशंट त्या रांगेत, म्हणून धुसफुसत तिथे गेले होते. एका चुणचुणीत मुलीच्या छातीवर पेटी ठेवली गेली. सुई हिरव्यावर गेली. लोकांनी हात जोडले.

तिचा बाप वजनकाटे दुरुस्त करणारा. सुई खोटं बोलत नाही यावर त्याचा भारी विश्वास. "चला, सुटलो," तो म्हणाला. "आता संध्याकाळची पोहण्याची शर्यत मार, बाळा."

"मुळात इथे आणलंत कशाला तिला?" मी विचारलं.

"शाळेत पडली, डॉक्टरबाई," आई म्हणाली. "शिट्टी वाजली, धावायला लागली आणि धाडकन कोसळली. धडपडली नाही, चक्कर येतेय म्हणालीही नाही."

मी लगेच विचारलं, "तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

ती हळूच म्हणाली, "माझा दादा. तळ्यात बुडाला. पट्टीचा पोहणारा होता हो."

"आज हिला पाण्यात उतरवू नका."

"अहो, पण सुई हिरवी आली की," बाप म्हणाला.

मला राग आवरेना. "दुकानात काटा आला की तुम्ही आधी काय करता?"

"रिकामा ठेवून बघतो."

"मग हाही बघा."

तो दचकला. मग पुढे झाला, पेटी उचलली आणि रिकाम्या स्टुलावर ठेवली. बाबा हात मागे घेऊ लागला, तशी बापाने त्याचं मनगट धरलं आणि पेटीवरून फिरवलं. सुई हिरव्यावर. बोटातली जाडजूड अंगठी उलटी करून फिरवलं, सुई लालवर. अंगठी काढून घेतली तेव्हा सुई हललीच नाही. अंगठीत लोहचुंबक होता. स्टुलाचं काळीज निर्मळ निघालं होतं. सभागृहात कोणीच हसलं नाही. आतापर्यंत किती पोरं 'निर्मळ' म्हणून घरी गेली, हाच हिशोब जो तो मनात करत असावा.

दवाखान्यात बाप म्हणाला, "मग सगळ्यात मोठं मशीन लावा. हृदयाचे फोटो काढणारं."

"त्यात भिंती आणि झडपा दिसतात. तीही तपासणी करू. पण मला आधी आतली वीज बघायचीय, आणि ती साध्या कार्डिओग्रामच्या पट्टीवर दिसते."

पट्टी निघाली. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला फार वेळ घेत होतं. धावताना, पोहताना, दचकल्यावर अशा हृदयाची लय बिघडते आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. यावर औषध आहे. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला.

"हा दोष घराण्यात चालत येतो. आता तुम्ही टेबलावर झोपा, ताई," मी आईला म्हटलं. तिची पट्टीही तशीच निघाली.

तिने पट्टी हातात घेतली. "आम्ही दादालाच दोष देत राहिलो, डॉक्टरबाई. खोल पाण्यात मस्ती केली असणार म्हणून. माझी आई तर शेवटपर्यंत त्याच्यावर रागावलेली होती."

मी मोठ्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला, या वेळी तिच्यासाठी.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. मूल खेळताना असं कोसळलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि घरात कोण कसं गेलं ते लाज न बाळगता सांगा. तपासणी पेटीची असो की लाखमोलाच्या मशीनची, ती नेमकं काय बघते ते विचारा. विचारल्याने कुणाचा देव कोपत नाही. विचारलं नसतं तर मात्र ती मुलगी त्या संध्याकाळी पाण्यात उतरली असती.