थुंकीतली अळी

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला जंतांची वर्गवारी तोंडपाठ होती. तोंडी परीक्षेत सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली.

"थुंकीचा नमुना आहे. ओळखा."

काचेवर अळी अजून वळवळत होती.

"गोलकृमी आहे, सर."

"हुकवर्म?"

"नाही. त्याच्या अळीची शेपटी टोकदार असते. हिची दुभंगलेली आहे, म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस."

"तो आतड्यातला. थुंकीत कसा आला?"

"रुग्णाला स्टेरॉइड दिलं असणार. त्यानं प्रतिकारशक्ती खचली, की हा अंगभर पसरतो." तिला हुरूप चढला. "आधी शौचाची तपासणी करायला हवी होती. कोणत्या गाढवानं दिलं, सर?"

सर हसले. "आधी सांगा, रुग्ण वाचेल?"

"कठीण आहे."

"उत्तर बरोबर. पहाटे धाप लागली म्हणून शेजाऱ्यांनी आणलं त्यांना. दम्यावरच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपली मुलगीच देते, असं मोठ्या कौतुकानं सांगत होते. तुमचे वडील आहेत ते."

"सर, मला आधी का नाही सांगितलंत?"

"परीक्षा बिघडली असती तुमची. पुढच्याला आत पाठवा."

ती वॉर्डाकडे धावत सुटली. बाबांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तिला पाहताच त्यांनी तो बाजूला केला.

"पास झालीस ना गं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"वाटलंच मला. काळजी करू नकोस, आत्ताच तुझी गोळी घेतली."

त्यांनी आठवडाही काढला नाही.