ब्रिनहेलिगची थांबलेली हवा

ब्रिनहेलिगच्या उतारावर बावीस घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. वेल्सच्या या दरीत पाऊस सरळ पडत नाही. तो पश्चिमेकडून आडवा चालत येतो आणि या ओळीवर थडकतो. घरे बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रत्येक भिंत दुहेरी बांधली, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटांची पोकळी ठेवली. बाहेरची भिंत भिजायची, पाणी पोकळीतून खाली उतरायचे, आतली भिंत कोरडी राहायची. साठ वर्षे असे सुरळीत चालले.

मग घरे उबदार करण्याची सरकारी योजना आली. तिच्या माणसांनी बाहेरच्या भिंतींना भोके पाडली आणि पोकळीत पांढरा तंतू फुंकून ठासला. दर घरामागे एक सकाळ पुरली.

योजनेच्या अर्जावर ओळीतली पहिली सही इथेल प्रॉथेरोची होती. तंत्रविद्यालयात शिकून त्याने कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षे एकच काम केले होते: हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, यावर नजर ठेवणे. या दरीत माणसाला त्याच्या कामाचे नाव चिकटते, तसे त्याला ‘हवा-इथेल’ हे नाव चिकटले होते. त्यामुळे उरलेल्या एकवीस घरांनी अर्ज वाचलाच नाही. “हवा-इथेलनं केली ना सही? मग झालं,” असे म्हणत त्यांनीही सह्या केल्या.

इथेलने मात्र अर्ज वाचला होता. नवव्या ओळीत लिहिले होते की भिंतींतल्या हवेच्या जाळ्या आवश्यकतेनुसार बंद करण्यात येतील. तिथे त्याचे पेन क्षणभर अडखळलेही होते. पण जानेवारी महिना होता, आणि थोरल्या बहिणीची, टेगवेनची, बोटे थंडीने निळी पडली होती.

पहिला हिवाळा स्वप्नासारखा गेला. वारा भिंतीपलीकडेच राहिला. घरातले आवाज मऊ झाले. कपबशीचा किणकिणाटसुद्धा दुरून, पाण्याखालून आल्यासारखा वाटे. “मेंढीच्या पोटाशी निजल्यासारखं वाटतं रे,” टेगवेन म्हणायची, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागायचा.

दुसऱ्या वर्षी तिच्या खोलीत कपाटामागे एक करडा डाग उमटला. आठवड्यागणिक त्याला फाटे फुटले. दुपारी खुर्चीत बसून इथेल त्याच्याकडे पाहत राही, आणि हळूहळू त्याला त्यात खाण दिसू लागे: हा मुख्य बोगदा, ही उजवी शाखा, हा पुढे बंद झालेला रस्ता. कमरेला दिवा अडकवून तो त्या रस्त्याने चालू लागे. पायाखाली धूळ मऊ असे. आणि दूर, अगदी टोकाच्या अंधारातून, टेगवेनचा घरघरता श्वास ऐकू येई. तो दचकून भानावर येई, तरी श्वास ऐकू येतच राही. ती समोरच्या पलंगावर निजलेली असे.

डॉक्टरांनी तिची छाती तपासली. पाठोपाठ नगरपालिकेचे पत्र आले: खोली राहण्यायोग्य ठरली नाही, तर एक नोव्हेंबरपूर्वी टेगवेनबाईंना दरीच्या तळाशी असलेल्या वृद्धनिवासात हलवण्यात येईल.

“न्या म्हणावं,” टेगवेन म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात मरून दाखवते. त्यांना चांगली लाज वाटू दे.”

खोली राहण्यायोग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी ऑक्टोबरातल्या एका दुपारी योजनेच्या कार्यालयातून लौरी बेब नावाची तरुण तपासनीस आली. तिने ओल मोजणाऱ्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचल्या आणि आकडा पाहून ओठ आवळले.

“आजी, कपडे घरातच वाळत घालता का?”

“मग काय उन्हात घालू? ऊन कुठाय ते दाखव, लगेच घालते.”

“आणि किटली दिवसातून किती वेळा उकळता?”

“तुझा चहा धरून की सोडून?”

लौरीला हसू आले, पण तिने कागदावर खूण केलीच. इथेलने ती पाहिली. “बाई, ही ओल किटलीची नाही. भिजलेल्या भिंतीचं पाणी तंतूतून आत येतंय, आणि ते सुकवायला खोलीत हवाच नाही.”

“असेल, मिस्टर प्रॉथेरो. पण बांधकामाचा दोष लिहायचा, तर काम समाधानकारक झाल्याची सही कागदावर असून चालत नाही. ती आहे, आणि तुमचीच आहे, काम संपल्यावर केलेली. मग मला एकच रकाना उरतो, रहिवाशांच्या सवयींचा. आणि खोली अयोग्य.”

इथेलने कपाटातून रबरी फुग्याची जुनी पिचकारी काढली. खाणीत हवा इतकी मंद असे की यंत्रालाही कळत नसे, तेव्हा तो हिच्यातून शंखजिऱ्याची पूड उडवून पाही. खोलीच्या मधोमध उभे राहून त्याने फुगा दाबला.

पांढरा ढग बाहेर पडला आणि तिथेच थांबला. नेमके तेव्हाच आभाळ जरा उघडून खिडकीतून तिरपी उन्हे आली होती. त्यांत पुडीचा कण न् कण लखलखत होता, पण कुठेही जात नव्हता. काळाने श्वास रोखून धरावा तशी ती खोली त्या ढगाभोवती स्तब्ध झाली होती.

“खाणीत असं दिसलं,” इथेल हळूच म्हणाला, “की मी सगळ्यांना बाहेर काढत असे. आणि इथे मी माझ्या बहिणीला दोन वर्षं निजवलंय.”

लौरीची नजर ढगावरच होती. “दिसतंय मला. पण याला माझ्या कागदावर रकाना नाही.”

इथेलने छिन्नी आणि हातोडी आणली.

“मिस्टर प्रॉथेरो, भिंतीला हात लावलात, तर या कामाची पंचवीस वर्षांची हमी रद्द होईल. माझ्या डोळ्यांदेखत लावलात, तर मला ते लिहावंच लागेल.”

“लिहा. वेळही लिहा.”

“पंचवीस वर्षं!” टेगवेन पलंगावरून म्हणाली. “मी एक्क्याऐंशीची आहे गं. ती हमी काय थडग्यावर लावू? फोड रे इथेल.”

त्याने आधी योजनेच्या माणसांनी बंद केलेली खालची जाळी उचकटली. आतून तंतू निघाला, भिजलेल्या लोकरीसारखा, गोळ्यागोळ्यांनी. तो उपसत छिन्नी हवेसाठी भोके ठेवलेल्या बाहेरच्या विटेपर्यंत पोचली. मग स्टुलावर चढून त्याने छताजवळची जाळी मोकळी केली. मध्येच लौरीने कागद खिशात घातला आणि न सांगता स्टूल धरून ठेवले.

इथेलने पुन्हा फुगा दाबला. ढग क्षणभर घुटमळला. मग त्याची एक कडा ओढल्यासारखी लांबली, वर वळली, आणि एखादे पांढरे जनावर सवयीच्या वाटेने डोंगर चढावे तसा तो संथपणे वरच्या जाळीतून बाहेर निघून गेला.

“पाऊस आत यायचा तो येईलच,” इथेल म्हणाला. “तंतू काढायला वर्षही लागेल. पण आलेली ओल आता बाहेर तरी जाईल.”

लौरीने कागद काढला, हमीच्या रकान्यात ‘रद्द’ लिहिले आणि वेळही लिहिली. ‘खोली राहण्यायोग्य आहे काय’ या प्रश्नापाशी तिने नाक वर करून खोलीतली हवा हुंगली. बाहेरच्या ओल्या गवताचा वास येत होता. ‘आहे’, तिने लिहिले, ‘वसंतात फेरतपासणी’.

ती गेल्यावर इथेल टेगवेनच्या पायांवर आणखी एक घोंगडी घालू लागला. खोली झपाट्याने गार होत होती.

“माझी लोकरी टोपी दे,” ती म्हणाली. “आणि शेजारच्या मर्विनला सांग, तू केलेली सही चुकीची होती म्हणून.”

“सांगतो. तू नीज.”

“आज सांग. त्याची बायकोही खोकते.”

इथेलने तिच्या डोक्यात टोपी घातली, कानांवर ओढली, आणि छिन्नी-हातोडी घेऊन तो शेजारच्या दाराकडे निघाला.