उंबऱ्यापलीकडे रेंज नाही

मित्रांनो, मी एक जुना, काच तडकलेला मोबाईल आहे. वय सात वर्षं. आमच्या जातीत सात वर्षांचा म्हणजे पणजोबाच. माझी गोष्ट सांगायला निघालो खरा, पण पहिल्या पायरीलाच अडखळतो. अशा गोष्टीत आधी गाव सांगायची रीत आहे, आणि मी कुठे आहे हेच मला जन्मात कधी नीट कळलं नाही. माझ्या या न कळण्यापायी एका माणसाचा उजवा हात गेला.

कारखान्यातून बाहेर पडताना मला शिकवण एकच मिळाली. वायफाय दिसलं की त्याला चिकटायचं, ते सुटलं की टॉवर शोधायचा. टॉवर वापरला की कंपनीला पैसे मोजावे लागतात. वायफाय दुसऱ्या कुणाचं तरी असतं, म्हणून आधी फुकटचं. एवढीच ती अक्कल. तिला त्यांनी 'हुशार प्लॅन' म्हटलं आणि जाहिरातीवर हसऱ्या बाईचा फोटो छापला.

केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, एका मोठ्या दुकानाच्या दारात टेबल मांडलं होतं, तिथून मला व्हर्लीन स्टॅम्परने घेतलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवऱ्याशी, ऑर्बीशी, तिचं नुकतंच फाटलं होतं. थोरला भाऊ ड्यूई दोन डोंगर ओलांडून दुसऱ्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, एकटा राहायचा, त्याच्याकडे ती निघाली होती. टेबलामागच्या माणसाने सांगितलं की बिल निम्म्यावर येईल आणि फोन सगळीकडे चालेल. मग तिच्या गाडीच्या परवान्यावर बघून त्याने माझ्यात पत्ता भरला, १७, वॉलनट लेन. ती म्हणाली, ते घर तर मी सोडतेय. नावापुरतं असतं हो ते, असं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आता 'सगळीकडे' म्हणजे काय ते ऐका. ड्यूईच्या दरीत टॉवर पोचत नाही. घरी वायफाय घेण्याइतकी ऐपत नाही. राहिली चार ठिकाणं: शाळा, वाचनालय, आइस्क्रीमची खिडकी आणि पुलाजवळचं धुलाईचं दुकान, जिथे नाणी टाकून यंत्रात कपडे धुतात. या चार ठिकाणी मी जिवंत. मधल्या वाटेवर मेलेला.

दारातून बाहेर पडताना तर माझी फारच फजिती व्हायची. वायफायचा धागा विरत जायचा, टॉवर सापडायचा नाही, आणि मला कळायचं नाही की हा हात सोडू की धरून ठेवू. तेवढ्यात फोन तुटायचा. व्हर्लीनला मग एक सवयच लागली. बोलत बोलत ती दारापर्यंत यायची आणि उंबऱ्यात गचकन थांबायची.

"धाकटे, तुला दाव्याला बांधलंय का गं?" ड्यूई विचारायचा.

"बांधलंय. पण दावं फुकट आहे," ती म्हणायची.

ड्यूई पाट्या रंगवायचा. चर्चच्या, दुकानांच्या, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यांच्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा त्या तीन दऱ्यांत तो एकटाच.

तो ऑक्टोबरातला रविवार होता. व्हर्लीन नेहमी चर्चच्या वेळेलाच धुलाईला जायची, कारण तेव्हा गाव देवाकडे असतं आणि यंत्रं रिकामी मिळतात. ड्यूईला साबणाचा वास सोसत नाही, म्हणून तो बाहेर ट्रकमध्ये रेडिओ ऐकत बसला. ती टोपली घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, दार उघड. तो काहीतरी बोलला. शब्द नव्हते ते, चिखल होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

बाहेर मी चालत नाही हे तिला पाठ होतं. ती पळत आत आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि तातडीच्या मदतीचा नंबर लावला. दुकानाच्या भिंतीवर पूर्वी नाण्याचा फोन होता. तो काढून नेला, स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. त्या जागी आता मीच होतो.

मित्रांनो, वायफायवरून असा फोन लागतो तेव्हा मी कुठे आहे ते टॉवर सांगत नाही. माझ्यात भरलेला पत्ता सांगतो. मला तर ठाम वाटत होतं की मी वॉलनट लेनवर आहे. म्हणून फोन गेलाच मुळी तिच्या जुन्या घराच्या काउंटीत.

"पत्ता आलाय माझ्यासमोर," तिथली बाई शांतपणे म्हणाली. "सतरा, वॉलनट लेन. गाडी निघालीय. तिथेच थांबा."

"मी नाही राहत तिथे आता. मी धुलाईच्या दुकानात आहे, पुलाजवळ. पूर्वी खताचं दुकान होतं ना, ते जळलं, तिथे."

"कुठल्या गावचं, बाई? रस्त्याचं नाव सांगा."

व्हर्लीनला रस्त्याचं नाव ठाऊक नव्हतं. चार वर्षं दर रविवारी ती तिथे येत होती. पण त्या डोंगरांत कुणी रस्त्याचं नाव घेत नाही. तिथे सगळ्या खुणा नसलेल्या गोष्टींच्या, जळालेल्या दुकानाच्या, पडलेल्या झाडाच्या. गावच्या माणसाला तेवढं पुरतं. पलीकडची बाई गावची नव्हती.

तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजू लागला. थांबेचना. ड्यूई त्यावर कोसळला होता. व्हर्लीनने दोन पावलं टाकली, फक्त दोन, उंबऱ्याच्या बाहेर.

मी तुटलो.

ती परत आत आली तर वायफायने मला ओळखच दाखवली नाही. साबणाची जाहिरात पुढे केली आणि विचारलं, अटी मान्य आहेत का? तिचा अंगठा ओल्या कपड्यांनी भिजलेला, काच ऐकेना. माझ्या डोक्यावर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या आणि माझ्यातून एक शब्द बाहेर जात नव्हता. तिने मला यंत्रावर टाकलं आणि भावाकडे धावली. पूल सांगितला, धुलाई सांगितली, इथे कुणालाही कळेल, असं तिला वाटलं. म्हणून ट्रक काढून दवाखान्याकडे न सुटता ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन थांबली. मी आत पडून भोंगा बंद झालेला ऐकला. त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

गाडी तिकडे वॉलनट लेनवर पोचली. दार ऑर्बीने उघडलं. चार वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पुढे दवाखान्याच्या बाकावर त्याने स्वतःच सांगितलं की त्या लोकांनी व्हर्लीनचं नाव घेतलं आणि त्याने घड्याळ बघितलं.

"मी म्हटलं, चर्चची वेळ आहे, म्हणजे कपडे धुत असेल. भावाच्या काउंटीत धुलाई एकच, पुलाजवळची. एकोणीस वर्षं हेच करतेय ती. देवाला तेवढं कळवू नका."

त्यांनी रेडिओवरून आमच्या काउंटीला कळवलं. बारा मिनिटांत यायची गाडी पाऊण तासाने आली. ड्यूई वाचला. बोलणं हळूहळू आलं, लकव्याने गेलेला उजवा हात आला नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर हातही वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

व्हर्लीनने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की अट क्रमांक एकतीसप्रमाणे पत्ता बदलल्यास कळवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? गरिबाला अर्ध्या दरात अर्धा फोन विकायचा, कुठला अर्धा ते बारीक अक्षरांत लिहायचं, आणि माणूस पडला की तीच अक्षरं त्याच्या तोंडावर मारायची. याला धंदा म्हणत असतील. मी त्याला दुसरं नाव देतो, पण तुम्ही लहान आहात.

व्हर्लीनने मला फोडलं नाही. पत्ता बदलला आणि पुन्हा खिशात घातलं. दुसरा घेणार कुठून?

मार्चमध्ये ड्यूई म्हणाला, मला धुलाईला ने. बरोबर निळ्या रंगाचा डबा घेतला. दुकानाच्या मालकाला विचारलं नाही. स्क्रूच्या त्या चार भोकांवर त्याने डाव्या हाताने अक्षरं काढायला घेतली. तीन रविवार लागले.

तुम्ही इथे आहात. ४१०, लोअर ब्रिज रोड. काउंटी हॅस्केट. फोन लागला की आधी हे वाचा.

"'आधी' उतरणीला लागलंय," व्हर्लीन म्हणाली.

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग गप बस, धाकटे."

तर मित्रांनो, मला वापरा, खुशाल वापरा. काच पुसा, पाण्यापासून जपा. पण तुम्ही कुठे आहात हे माझ्यावर सोपवू नका. ज्या रस्त्यावर उभे आहात त्याचं नाव कुणाला तरी विचारून ठेवा. रविवारी तुम्ही कुठे असता हे एका तरी माणसाला माहीत असू द्या, मग त्याच्याशी भांडण असलं तरी चालेल.

व्हर्लीनने त्या भिंतीचा फोटो काढला. तो माझ्यात आहे. मी आजही गोंधळतो, उंबऱ्यात आजही तुटतो. पण दरीत, जिथे वायफाय नाही आणि टॉवरही नाही, तिथे ती कधीतरी तो फोटो उघडून बघते. तो फोटो उघडायला रेंज लागत नाही.