उन्हाला लावलेलं काम

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला बजावलं होतं, "सूनबाई, ऊन म्हणजे चोर. रंगवलेलं कापड सावलीतच वाळवायचं." पन्नास वर्षं मी त्या चोरावर पहारा केला. कुठे उन्हाची तिरीप दिसली की हात आपोआप पडद्याकडे जायचा.

कापड धुतल्यावरचं निळं पाणी मात्र मागच्या नाल्यात जायचं. त्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते नातीने. "आजी, नाल्यातले मासे कुठे गेले?" असं सारखं विचारायची, म्हणून तिचं नाव आम्ही चौकशी ठेवलं. पुढे ती पाण्याचंच शास्त्र शिकली.

आणि मग नोटीस आली : पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर आमचा कापड रंगवायचा कारखाना बंद. माझा मुलगा खचलाच. चौकशीने अंगणात काचेच्या झाकणाची पेटी मांडली. आत कागदासारखी पातळ, पांढरी चाळण.

"पाणी खाली जातं, रंग वर अडकतो. नुसती चाळण लगेच तुंबेल, म्हणून हिच्यावर एक पूड बसवली आहे. अडकलेल्या रंगाचं ती बघून घेते."

तपासणीच्या सकाळी पाणी सुरू करून ती साहेबांना आणायला निघाली. "आजी, लक्ष ठेव. पण कशाला हात लावू नकोस हं."

मी पेटीला हात लावलाच नाही. ऊन वर आलं, तशी फक्त एक जाड चादर घातली.

तासाभरात पेटीखालून पडणारी धार थेंबांवर आली. चादर उचलून बघते तो चाळण निळीशार! तेवढ्यात चौकशी साहेबांना घेऊन दारात.

"चादर कोणी घातली?"

"मीच. ऊन लागत होतं गं तिला."

ती खो खो हसत सुटली. "आजी, तिला ऊनच लागतं! उन्हात ती पूड रंगाचे तुकडे तुकडे करते."

"मग करून दाखवू दे," साहेब खुर्ची ओढत म्हणाले. "तीनपर्यंत थांबतो."

मुलगा जेवला नाही. मी चाळणीवरची नजर हलवली नाही. पाच वेळा बुडवलेल्या कापडाची निळाई, मग चार, मग तीन... जन्मभर चढवला तो रंग डोळ्यांदेखत उलटा उतरत होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन माझ्या नातीने त्याला राबायला लावलं होतं!

अडीचला धार लागली. साहेबांनी बाटली भरली, नळीत औषधाचे थेंब टाकले, डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. "चालू ठेवा कारखाना," म्हणाले.

मुलगा मटकन खाली बसला. पण उन्हं कलली होती, भिंतीची सावली पेटीकडे सरकत होती.

"बसलास काय रे?" मी म्हटलं. "धर ते टोक. पेटी उन्हात घेऊ."