ओटीच्या भिंतीचं पाणी

काम घेण्याआधी सखाने एकच प्रश्न विचारला. "पानी कोन मारंल?"

त्याच्या आधी आलेल्या दोन मिस्त्रींनी हे विचारलं नव्हतं. एकाने सिमेंट कोण आणणार ते विचारलं. दुसरा भिंतींची मापं घेऊन गेला तो परत आलाच नाही. सखा बारवी धरणापलीकडच्या वाडीतून बायकोला, नवसीला, घेऊन आला होता. पालेगावच्या आमच्या घराला नवी ओटी आणि तिला लागून मोरी बांधून झाली होती, प्लास्टर बाकी होतं. तुळशीचं लग्न झालं की लगेच माझ्या भावाचं, यज्ञेशचं लग्न होतं.

"मी मारीन," मी म्हणाले. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, आणि लग्नासाठी रजा टाकून घरीच होते. सखाने सांगितलं, सात दिवस, दिवसातून तीनदा, आणि मधे एकदाही भिंत पांढरी पडता कामा नये.

ट्रॅक्टरने रेती आली ती त्याने मुठीत दाबून पाहिली. तळव्याला माती चिकटली. परत पाठवा म्हणाला. बाबा वैतागले. मी काचेच्या मोजपात्रात रेती नि पाणी हलवून ठेवलं आणि तासाभराने वरचा गाळ मोजला. बारा टक्के निघाला, चालतो आठपर्यंत. रेती परत गेली. सखाला पात्र दाखवलं तर तो हसला. "म्हंजे ही तुझी मूठ."

काम चालू असताना चहाच्या वेळी नवसी बोलायची. बाबांचे चुलतभाऊ रामभाऊ जांभूळच्या रस्त्याला तीन माळ्यांची इमारत बांधत होते. आमची ओटी बघून तिथलं सगळं प्लास्टर सखाला द्यायचं की नाही ते ठरवणार होते. मिळालं तर वाडीतल्या सहा जणांना होळीपर्यंत काम. नाही मिळालं तर दरवर्षीसारखी वीटभट्टी, पोरांना सोबत घेऊन. गेल्या साली भट्टीमुळे थोरलीची चौथी बुडाली होती.

मंगळवारी प्लास्टर पुरं झालं. मी वहीत प्रत्येक भिंतीला एक पान दिलं आणि पाणी मारलं की खूण करायला लागले.

शुक्रवारी सकाळी गोदूआत्या आली. लग्नाआधी ओटीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीचा चौक काढायची आमच्यात रीत आहे, आणि तो दरवेळी तीच काढते. तिने भिंतीला हात लावला. पिठी पसरेल, म्हणाली. चौक सोमवारी होता. दुपारपर्यंत बाबांनी मांडववाल्याकडून दोन मोठे पंखे आणि चार हॅलोजन आणून भिंतीसमोर लावले.

मी बाबांना समजावलं. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची क्रिया होते म्हणून घट्ट होतं. पाणी आधीच उडालं तर ती क्रिया अर्ध्यावर राहते. मग भिंत वरून कोरडी दिसते आणि आतून कच्ची राहते.

"लगीन तुझ्या केमिस्ट्रीच्या तारखेला धरू का?" बाबा म्हणाले. पाहुणे हसले. मीही थोडी हसले.

त्याच संध्याकाळी नवसी भिंत बघायला आली. पंख्यांचा आवाज ऐकून तिने फाटकातूनच पाण्याचा पाइप मागितला. घरात पाहुणे आहेत असं सांगून बाबांनी तिला तिथूनच परत पाठवलं. मी खिडकीत होते. ती थोडा वेळ फाटकाशी उभी राहिली आणि गेली. मी खाली उतरले नाही.

मोरीच्या भिंतीवर चौक काढायचा नव्हता. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिच्यावर गोणपाट टाकून मी सातही दिवस पाणी मारलं. हट्ट म्हणून की प्रयोग म्हणून, मला सांगता येणार नाही.

लग्न होऊन चार दिवस झाले आणि ओटीच्या भिंतीला तडे दिसले, आटलेल्या तळ्यासारखे. चौकाची पिठी खपल्यांसकट खाली आली. रामभाऊंनी गाडीच्या किल्लीने ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ. सखाला बोलावून घेतलं. ओटीवर नव्या वहिनीच्या, कीर्तीच्या, माहेरची माणसं बसली होती. त्यांच्यादेखत रामभाऊ म्हणाले की ह्याने सिमेंट खाल्लं.

सखाने भिंतीवर हात फिरवला. तळव्याला पूड आली. मग बाबांना नाही, त्याने मला विचारलं, "ताय, ह्येला पानी किती दिस मारलंस?"

"सात दिवस," बाबा म्हणाले. "तेजू वहीत लिहायची. विचार तिला. तिचं एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कीर्तीसुद्धा. वही मागच्या फडताळात होती. ओटीच्या पानावर दोन दिवसांच्या सहा खुणा होत्या, पुढे पान कोरं.

मी मान डोलावली.

सखा मोरीपाशी गेला आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकली. आवाज भरीव होता. "ही पन मीच केलीया. घमेलं तेच, माल तोच."

"मग इथे बरा चालला हात," रामभाऊ म्हणाले. कुणीतरी हसलं.

भिंतीच्या पायथ्याशी माझं गोणपाट पडलं होतं, मोरीच्या पाण्याने अजून ओलसर. सखाने ते उचललं, घडी घातली, नळावर ठेवलं. माझ्याकडे त्याने परत पाहिलं नाही. गेटबाहेर नवसी उभी होती.

रामभाऊंनी काम उल्हासनगरच्या एका ठेकेदाराला दिलं. पंधरा दिवसांनी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही पानं नीट पाहिली, आणि दोन माळे झाले आता, म्हणाले. तिथून मी वाडीवर गेले. सखाच्या दाराची कडी तारेने बांधलेली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, भट्टीची गाडी येऊन गेली, पोरंही गेली.

ओटीचं प्लास्टर खरवडून त्याच ठेकेदाराकडून नवं करून घेतलं. पाणी कोण मारणार, हे त्याने विचारलं नाही. घरात आता कसलीच घाई नव्हती. बाबांनी पाइप माझ्या हातात दिला आणि हवे तितके दिवस मार म्हणाले. मी दहा दिवस मारलं. एकही तडा गेला नाही.

अकराव्या दिवशी बाबांनी भिंत ठोकून पाहिली, सगळीकडून, वरपासून खालपर्यंत.

"बघ," ते म्हणाले, "मिस्त्री चांगला मिळाला की भिंत चांगली होते."