रगतबाबा आणि कच्चा बटाटा

आटपाडीतल्या एका हॉस्पिटलच्या फाटकात दोनशे माणसं स्टीलच्या ग्लासाकडं बघत होती. आत माझा चुलतभाऊ गुंडा मरत होता, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शर्यतीत बैलगाडीचं चाक त्याच्या पोटावरून गेलं होतं. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलेलं. आम्ही त्याला टेम्पोत घातलं. बैलही घातला, कारण त्याला मैदानात धरायला कुणी उरलं नव्हतं.

फाटकात बसून रक्ताची परीक्षा करणाऱ्या रगतबाबानं गुंडाच्या रक्ताचा थेंब ग्लासातल्या तीर्थात सोडला. फस्स! पांढरा फेस काठावर आला.

"रगात खवळलंय!" बाबा गरजला. "फेस बसंस्तोवर सुरी लावाल तर गडी सुतळी बॉम्बावानी फुटंल. तीन दिस थांबा!"

गुंडाच्या आईनं, शालूकाकूनं, ऑपरेशनच्या कागदावर सही करता करता पेन खाली ठेवलं.

डॉक्टर दीक्षा धावत बाहेर आल्या. "आवं काकू, पोटात रक्त साचतंय. तासाभरात पोट उघडलं नाही तर गुंडा जाईल!"

"पर तुमीबी जखमींच्या रगतातला ताण मोजता की. आत्ताच गुंडाचं रगात घेतलंसा त्यासाठी. बाबा झटक्यात मोजतोय," काकू म्हणाली.

"मोठा मार लागला की रक्तात ऑक्सिजनचे घातक कण वाढतात. ते आम्ही यंत्रावर मोजतो, आकडा दोन दिवसांनी येतो. तो अभ्यासासाठी. त्याच्यापायी ऑपरेशन थांबत नाही." त्यांनी बाबाच्या पिशवीतून तपकिरी बाटली उपसली. "आणि हे तीर्थ? जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड! रक्त कुणाचंही पडू दे, फेस येणारच."

फाटकातल्या वडेवाल्याचा कच्चा बटाटा चिरून त्यांनी ग्लासात टाकला. फस्स!

"बटाट्याला कुठं मार लागलाय?" मी विचारलं.

"सुरी लागली की रं आत्ताच," वडेवाला म्हणाला.

"रक्तात आणि बटाट्यात एकच पदार्थ असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो या औषधातला ऑक्सिजन मोकळा करतो. त्याचेच हे बुडबुडे."

बाबा पळाला तो थेट टेम्पोमागं. टेम्पोचा मागचा फाळका उघडा होता आणि बैल सकाळपासून तापलेला. एकच लाथ बसली. बाबाचं कपाळ कानापर्यंत फाटलं, दोन दात वडेवाल्याच्या चटणीत पडले.

"डॉक्टर, मेलो! टाकं घाला, आदी टाकं घाला!"

शालूकाकू उठली. "का रं मुडद्या? फेस बसू दे की तुजा. थांब तीन दिस!"

आणि तिनं सही केली.

बाबाला अकरा टाके पडले. फुटला नाही. गुंडाच्या पोटातली फुटलेली प्लीहा काढावी लागली, पण गुंडा राहिला. दोन दिवसांनी यंत्रावरचा त्याच्या रक्ताचा आकडा आला तेव्हा तो चहा मागत होता.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोच प्रयोग बटाट्यावर करून बघा. पण जखमी माणसाला आधी आत पाठवा. त्याच्याकडं वेळ नसतो. बटाट्याकडं असतो.