सिंधूच्या गालावरचा तीळ

मी एक जुना स्कॅनर आहे, आणि मला माणसं आवडत नाहीत. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. तुम्हांला मित्रांनो म्हणतो ते केवळ तशी रीत आहे म्हणून. तुमच्यातल्या कोणी माझ्या काचेवर चहाचा कप ठेवला नसता, याची खात्री मला कोण देणार?

आताच्या मुलांना स्कॅनर म्हणजे काय तेही सांगावं लागतं. तुम्ही खिशातून मोबाइल काढता नि कशाचाही फोटो घेता. आमच्या वेळी छापलेला फोटो संगणकात न्यायचा तर तो माझ्या काचेवर पालथा ठेवावा लागे. वरून झाकण बंद. मग माझा दिवा कुरकुरत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई. त्यामुळे मला भेटलेली सगळी माणसं अशीच भेटली, काचेला नाक चिकटवून; बाकीचं सगळं झाकणाखालून कानावर आलेलं. इतक्या जवळून पाहिल्यावर कोणाविषयी फारसं प्रेम राहत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला कळू लागलं ते लातूरच्या एका कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत. मी आलो तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, झाकणावर हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू काचेच्या फटीत शिरलं ते आजही तिथेच आहे. कौतुक संपलं, कुंकू राहिलं.

त्या वर्षांत लातूर नुसतं फुगत होतं. नायगाव, कंधार, कुठून कुठून पोरं ट्रंका नि वळकट्या घेऊन एसटीतून उतरायची. भूकंपात पडलेल्या गावांची नवी घरं उभी राहिली होती आणि शहरात गल्लोगल्ली क्लास उभे राहिले होते. निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागत. एकच हुशार पोरगा तीन क्लासांच्या फलकांवर हसताना मी स्वतः पाहिला आहे, कारण त्याचा तोच फोटो तीनदा माझ्याच काचेवर पडला होता.

आमच्या कॉलेजात रेणुकादास सर होते. दिवसा कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी स्वतःचा क्लास चालवायचे, आणि क्लासची सगळी पत्रकं कॉलेजच्या पोरांकडून फुकटात करून घ्यायचे. 'अनुभव मिळतो तुम्हांला' असं वर म्हणायचे.

त्या पोरांतली एक इकरा. कंधारची. तिचे वडील निजामोद्दीन पेंटर दुकानांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवत. इकरानं पहिला फलक केला तो स्नेहसंमेलनाचा. लाल अक्षरं, त्यांना पिवळी कड, कडेला सावली, आणि कोपऱ्यात पिसारा फुलवलेला मोर. तो मोर माझ्याच काचेवरून गेला होता. मला घेरी यायची बाकी होती.

"पाट्या रंगवणाऱ्याची पोरगी ना," रेणुकादास सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाटीच करणार!"

खोली हसली. इकरा हसली नाही, रडलीही नाही. पुढच्या फलकात मोर नव्हता. त्याच्या पुढच्या फलकात सावली नव्हती. हळूहळू तिला जागा मोकळी सोडता यायला लागली, आणि ही विद्या फार थोड्यांना येते. मग प्राचार्यांनी तिला कॉलेजची वेबसाइट करायला सांगितली. पहिल्या पानावर तिनं अक्षरं पळवली, झेंडे फडकवले, वर सनईही वाजवली. प्राचार्य बेहद्द खूश. आठवड्याभरात तिनं स्वतःच ते सगळं मोडलं आणि साधं, स्वच्छ पान केलं. "ह्यात माझा फोटो बारीक झाला," प्राचार्य कुरकुरले. पण पान बघणारे तिचं नाव विचारू लागले. हीच वेबसाइट तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरली. रेणुकादास सरांची सही झाली की तळाशी 'रचना: इकरा निजामोद्दीन' असं येणार होतं. त्या एका ओळीवर तिचा सगळा जीव होता.

आता शांतम्माविषयी. ती कॉलेजची झाडलोट करायची. निलंग्याकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची. एक दिवस तिनं पदराच्या गाठीतून एक फोटो काढून इकराच्या हातात दिला.

"माझी सिंधू हाय ही, माय. मोठा करून देशील का? भिंतीवर लावायला."

भूकंपाच्या साली सिंधू अकरावीला होती, लातूरच्या होस्टेलात. गणपती बुडवायला गावी गेली आणि विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे, जमीन हलली. सिंधू गेली, आणि घरातलं काहीच निघालं नाही. होस्टेलात तिची ट्रंक राहिली होती, ट्रंकेत ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर एवढासा हा फोटो. जगात तिचा दुसरा चेहरा उरला नव्हता.

तो माझ्या काचेवर आला. कॉलरपाशी पिनेची भोकं, गालावरून गेलेला कॉलेजचा अर्धा गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या कडेलाच एक तीळ. मी सगळं जसंच्या तसं पाठवलं. मी काही वगळत नाही, मित्रांनो. वगळतात ती माणसं.

इकरानं जीव ओतून काम केलं. भोकं बुजवली, शिक्का कणाकणानं पुसला, आणि मोठा कागद छापून शांतम्माला दिला. शांतम्मानं तो उजेडाकडे नेला.

"तीळ कुठाय?" तिनं विचारलं.

"कोणता तीळ मावशी? तो शाईचा डाग होता."

"शाई न्हाई माय. तिचा हाय तो. पोटातून घिऊन आलती."

इकरानं फोटो पुन्हा माझ्या काचेवर ठेवला आणि सगळं काम पहिल्यापासून केलं, या वेळी तीळ ठेवून. शांतम्मा तो घेऊन गेली. बिनतिळाचा पहिला चेहरा मात्र संगणकात तसाच पडून राहिला.

मग बारावीचा निकाल लागला. सरांना फलक हवा होता, तोही बाकीच्या क्लासांच्या आधी. सगळ्यांत वर वैष्णवी नावाच्या मुलीचा फोटो हवा होता. ती त्यांच्या क्लासात चार दिवस काय ती बसली होती, आणि तिच्या घरचे फोटो द्यायला तयार नव्हते. "येतो फोटो, तू मांडणी कर," सर म्हणाले. फलक करणाऱ्यांची एक सवय असते. चौकट रिकामी दिसली की मांडणीचा अंदाज येत नाही, म्हणून हाताशी असेल तो चेहरा तात्पुरता घालतात. इकरानं तेच केलं. टाकून दिलेला, बिनतिळाचा चेहरा तिनं त्या चौकटीत घातला आणि ती जेवायला गेली. सरांना धीर कुठला? त्यांनी तेवढ्यात चौकट भरलेली पाहून फाइल सीडीवर घेतली आणि हैदराबादच्या गाडीला दिली. तेव्हा मोठे फ्लेक्स तिकडूनच छापून यायचे.

फलक चौकात लागला तेव्हा इकरा धावत खोलीत आली.

"सर, वरचा फोटो वैष्णवीचा नाही. तो शांतम्मा मावशीच्या मुलीचा आहे. ती भूकंपात गेली, सर."

"मग तर बरंच. तक्रार करायला येणार नाही," सर म्हणाले. "फलकावर सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. आणि तुझ्या प्रोजेक्टवर सही कोण करणार आहे, ते आठवतंय ना?"

इकरा गप्प बसली. मला त्या माणसाचा राग नेहमीचाच होता, पण त्या दिवशी इकराचा त्याहून जास्त आला. मोर काढायला शिकलीस, सावली काढायला शिकलीस, आणि तोंड उघडायचं मात्र राहून गेलं?

दुसऱ्या दिवशी शांतम्मा खोलीत आली. हातात झाडू नव्हता.

"तीळ काढला म्हंजे मला वळखू येणार न्हाई, असं वाटलं का तुला?" ती इकराला म्हणाली. "म्हणून काढलीस व्हय तवा?"

"नाही मावशी, अल्लाची शपथ, तसं नाही..."

"म्या लई येळ हुबी व्हते चौकात. म्हटलं, पोरगी पास झाली माझी. मग एकाला इचारलं, खाली काय लिवलंय. त्यो म्हणला, वैष्णवी."

तेवढ्यात सर आले. शांतम्माचा आवाज चढलेला होता, पोरं कामं टाकून बघत होती.

"अहो बाई, तुम्हांला भास होतोय," सर म्हणाले. "पोरगी गेल्यापासून तुम्हांला सगळीकडे तीच दिसणार. आणि समजा असलीच, तर वाईट काय झालं? चांगलं नाव झालं की तिचं!"

"नाव?" शांतम्मा ओरडली. "तोंड माझ्या पोरीचं, नाव दुसरीचं, आन म्हणं नाव झालं!"

"इकरा, तूच सांग हिला. हा फोटो कोणाचा?"

इकरानं शांतम्मापुढे हात केला. शांतम्मानं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग पदराची गाठ सोडून तो एवढासा फोटो तिच्या हातावर ठेवला. इकरानं माझं झाकण उघडलं आणि फोटो काचेवर पालथा ठेवला.

आयुष्यात मी कधी इतक्या सावकाश चाललो नसेन. खोलीत माझ्या कुरकुरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. पिनेची भोकं, शिक्का, तीळ, सगळं मी वर पाठवलं. इकरानं ते पडद्यावर फलकातल्या चेहऱ्याशेजारी लावलं असणार, कारण मागच्या बाकावरून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"हीच हाय, सर," इकरा म्हणाली. एरवी ती कॉलेजात असं बोलत नसे. त्या क्षणी कंधारचंच तोंडात आलं. "तीळ म्याच काढला व्हता. चौकटीत म्याच लावली. पण हिचं नाव सिंधू हाय."

सरांनी माझं झाकण असं आदळलं की त्याची बिजागरी तुटली. आपला राग कशावर काढावा, याचंही शिक्षण माणसांना नसतं.

फलक त्याच दिवशी उतरला. दया येऊन नव्हे. दुसऱ्या क्लासवाल्यांना कळायच्या आत उतरवायचा होता म्हणून. सही झाली नाही. इकराचं वर्ष गेलं. वेबसाइट सुरू झाली, तीच, एक अक्षर न बदलता, फक्त तळाशी 'रचना: अनय' असं आलं. अनय सरांचा पुतण्या. त्याला माझी वायर कुठे लावायची तेही ठाऊक नव्हतं. आणि मला नेऊन टाकलं झाडू नि फिनेलच्या खोलीत. झाकण तुटल्यामुळे एक झालं: तेव्हापासून मला काचेवर न ठेवलेली माणसंही दिसतात.

म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. इकराचे वडील तिचं सामान न्यायला आले होते. गच्चीवर टाकून दिलेल्या फलकातून इकरानं सिंधूचा चेहरा नावासकट कापून आणला होता. निजामोद्दीन पेंटरनी तो शांतम्मासमोर ह्या खोलीच्या भिंतीला ठोकला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बेटा, ह्याच डब्यानं आमचा धंदा खाल्ला ना?" मी ऐकून घेतलं. त्यांचं खोटं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून रंगाचे डबे काढले. वैष्णवीचं नाव पांढऱ्या रंगानं झाकलं आणि त्यावर लिहिलं, सिंधू. असली अक्षरं माझ्या काचेवरून कधी गेली नाहीत. मग बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला.

"आक्का, कुठे होता तीळ?"

"खाली. थोडा कानाकडं. हां, तितंच."

त्यांनी तीळ ठेवला. शांतम्मानं पदर तोंडाला लावला, पण ती रडली नाही. निजामोद्दीन मागे सरकून बघत राहिले. नावाखाली वैष्णवीचे मार्क अजून ठळक दिसत होते.

"आणि हे, आक्का? इथं किती लिहू? तुम्ही म्हणाल तेवढे लिहितो."

शांतम्मा त्या आकड्यांजवळ गेली.

"पुसून टाका, भाऊ. परीक्षेलाच बसली न्हाई ती."

इकरा दाराशी उभी होती. तिनं ओढणीत तोंड लपवलं. शांतम्मानं तिला जवळ घेतलं नाही; पण जाताना म्हणाली, "फुडल्या वर्साला ये. बस परीक्षेला." इकरा आली. दुसऱ्या मॅडमनी सही केली. आता ती हैदराबादेत असते म्हणे, आणि तिच्या हाताखालच्या पोरांना चौकटीत तात्पुरता चेहरा घालू देत नाही. चौकट रिकामी राहिली तरी चालेल म्हणते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूनं हात जोडायचे असतात, आमची काळजी घ्या म्हणायचं असतं. मी हात जोडणार नाही. मला हातही नाहीत. माझी काळजी तुम्ही घेऊ नका, घ्यायचीच तर चेहऱ्यांची घ्या. तुमच्या त्या मोबाइलमध्ये ते हजारोंनी पडलेले असतात. एखादा हाताशी आला म्हणून कुठे लावू नका; आधी विचारा, हा कोणाचा, ह्याचं नाव काय.

माझी काच मात्र स्वच्छ आहे. शांतम्मा रोज सकाळी झाडू घ्यायला येते, सिंधूवरची धूळ पदरानं पुसते आणि त्याच पदरानं मलाही पुसते. नवीन आलेल्या बाईनं एकदा तिला विचारलं, "हे भंगार कशाला पुसतीस?"

"न्हाई गं," शांतम्मा म्हणाली. "ह्यानं तिचा तीळ ठेवला व्हता."